आधी ये, मग बोलू

“आधी जरा नीट होते, मग येते चर्चला,” असं म्हणालीस ना? अगं, हे वाक्य इतक्या मुलींच्या तोंडून ऐकलंय की पुढचंही मला पाठ झालंय: “या तोंडानं कशी येऊ, ताई?” कुणी नोकरीसाठी पुण्याला गेली आणि तिथे घरी सांगता येणार नाही असं काहीतरी होऊन बसलं. कुणी आईच्या खात्यातले पैसे परस्पर काढले. कुणी बायकामुलं असलेल्या माणसात गुंतली. कुणी काहीच केलं नाही, नुसती दुरावली. रविवारी उशिरा उठायची सवय लागली, प्रार्थना सुटली, आणि एके दिवशी लक्षात आलं की देवापुढे बसलं तर बोलायला काही सुचतच नाही. तुझं यातलं काय, ते मी विचारत नाही. सांगावंसं वाटेल तेव्हा सांग. पण हे ‘आधी नीट होते’ एवढं डोक्यातून काढून टाक. ताप उतरला की डॉक्टरकडे जाईन, असं कुणी म्हणतं का? सगळं तूच निस्तरणार आणि मग देवाला नुसतं दाखवायला नेणार, तर त्याला काम काय उरलं?

उधळ्या पुत्राची गोष्ट तुला तोंडपाठ आहे. संडे स्कूलमध्ये फ्लॅनेलच्या फळ्यावर डुकरं चिकटवायला कोण पुढे, यावरून तुमची भांडणं व्हायची. पण मोठेपणी लूकचा 15वा अध्याय सावकाश वाचलायस का कधी? धाकट्यानं बाप जिवंत असताना वाटणी मागितली. अशा मुलाला आपल्याकडे गाव काय म्हणतं ते मी सांगायला नको. मग परमुलूख, उधळपट्टी, दुष्काळ. यहुद्याच्या पोराला डुक्कर विटाळाचं, आणि हा त्यांच्या पुढ्यातल्या शेंगांकडे आशेनं बघत बसलाय.

तिथे बसून त्यानं एक भाषण तयार केलं. तीन कलमांचं. मी देवाचा आणि तुमचा अपराधी आहे, हे पहिलं. तुमचा मुलगा म्हणवून घ्यायची माझी लायकी उरली नाही, हे दुसरं. आणि तिसरं, मला तुमच्या एखाद्या मजुरासारखं ठेवून घ्या. हे तिसरं कलम नीट बघ. राबीन, त्याबद्दल जेवीन, कुणाचं देणं नको. सरळसरळ व्यवहार आहे तो. आणखी एक, तो निघाला तो भुकेपोटी. बापाच्या प्रेमानं गहिवरून वगैरे निघालेला नाही. घरच्या मजुरांना पोटभर भाकरी मिळते आणि आपण इथे मरतोय, एवढंच त्याच्या लक्षात आलं. म्हणजे पश्चात्ताप काही फार शुद्ध, उदात्त नव्हता. ‘माझा पश्चात्ताप खरा आहे की नाही तेच कळत नाही’ असं म्हणून तू रात्र रात्र जागतेस, म्हणून मुद्दाम सांगतेय.

आता बापाकडे बघ. पोरगा दूर होता तेव्हाच बापाला दिसला. म्हणजे म्हाताऱ्याचा डोळा रस्त्यावर होता. दिसल्याबरोबर तो धावत सुटला. त्या मुलखात घरच्या कर्त्या, वयस्क माणसानं धावणं शोभत नसे, आणि पायघोळ झगा वर धरल्याशिवाय धावताही येत नसे. गडीमाणसं बघत असणार. पोराच्या अंगाला डुकरांचा वास येत असणार. तरी गळ्यात पडून त्यानं मुके घेतले. मग पोरानं पाठ केलेलं म्हणायला सुरुवात केली. पहिलं कलम झालं, दुसरं झालं. तिसरं ओठावर यायच्या आत बाप नोकरांना हाका मारत होता. चांगला झगा आणा, बोटात अंगठी घाला, पायात जोडे घाला, पोसलेलं वासरू कापा. जोडे घरच्या मुलानं घालायचे, चाकर अनवाणी.

तू हे सगळे महिने जे घोकत बसलीयस ना, ते तिसरं कलम आहे. ते ऐकायला तिथे कुणी थांबलेलंच नाही.

आणि येशूचं हे सगळीकडे असंच आहे, आधी जेवण. यरीहोचा जक्कय आठवतो? मुख्य जकातदार, बक्कळ पैसा, उंचीनं ठेंगणा, गर्दीत दिसेना म्हणून उंबराच्या झाडावर चढलेला. लोकांना लुबाडून गब्बर झालेला माणूस. येशूनं झाडाखाली उभं राहून त्याच्याकडे हिशेब मागितला नाही. आज तुझ्या घरी उतरणार आहे, खाली ये, एवढंच सांगितलं. गावानं नाकं मुरडली. हिशेब निघाला तो त्यानंतर, आणि तोही जक्कयानं स्वतः काढला. निम्मी मालमत्ता गरिबांना, आणि ज्याला फसवलं त्याला चौपट. मोशेच्या नियमशास्त्राप्रमाणे आपणहून कबूल करणाऱ्यानं मुद्दल आणि वर त्याचा पाचवा हिस्सा भरायचा असे. चौपट त्याच्यापाशी कुणीच मागितलं नव्हतं.

पेत्राला तर मी कितीदा वाचलं तरी पुरत नाही. येशूला धरून नेलं त्या रात्री थंडी होती. मुख्य याजकाच्या वाड्याच्या अंगणात कोळशाची शेकोटी पेटवलेली, आणि तिच्याशी हात शेकत पेत्र तीनदा म्हणाला की या माणसाशी माझा काही संबंध नाही. कोंबडा आरवला. आता योहानाचं शेवटचं प्रकरण काढ. तिबिर्याच्या समुद्रावर सातजण रात्रभर जाळं टाकून बसलेत, हाती काही नाही. उजाडताना किनाऱ्यावर कुणीतरी उभं आहे. त्याच्या सांगण्यावरून जाळं टाकतात, तर 153 मोठे मासे. तो प्रभू आहे हे कळताच पेत्र पाण्यात उडी टाकून किनारा गाठतो, आणि काठावर बघतो तर कोळशाचा विस्तव, त्यावर मासळी, बाजूला भाकर. नव्या करारात कोळशाचा विस्तव दोनच जागी आहे, एक वाड्यातला आणि एक हा. त्या वासानं पेत्राच्या पोटात खड्डा पडला असेल, असं आपलं मला वाटतं. पण येशू विषयच काढत नाही. या, न्याहारी करून घ्या, म्हणतो. खाऊन झाल्यावर मात्र तीनदा विचारतो, माझ्यावर प्रेम करतोस का? तिसऱ्यांदा पेत्राला ते लागलं. म्हणजे गोंजारून सोडून दिलेलं नाही. तीन नकारांवर तीनदा बोट ठेवलंय, पण पोट भरल्यावर. आणि प्रत्येक उत्तराला मेंढरं सांभाळायचं काम दिलंय. ‘तू असं केलंसच का’ हा प्रश्न त्यात कुठेच नाही.

तू म्हणशील, ताई, प्रभुभोजनाचं काय? अयोग्य रीतीनं खाल्लं तर दंड ओढवतो, हे पौलानंच लिहिलंय ना? लिहिलंय. त्या एका वचनापायी आपल्या मंडळ्यांमध्ये किती बाया भाकरीची थाळी यायच्या आत उठून बाहेर जातात ते मी बघत आलेय. मागच्या बाकावर, दाराच्या बाजूला बसायचं, शेवटून दुसरं गीत सुरू झालं की पदर सावरत निघायचं. लोकही हिशेब ठेवतात, कोण उठली, किती महिने उठतेय. पण करिंथात काय चाललं होतं ते वाच. तालेवार लोक आपापलं जेवण आधीच उरकून झिंगत होते आणि उशिरा येणारे गोरगरीब उपाशी राहत होते. पौल चिडला तो त्यावर. आणि माणसानं आपली परीक्षा करावी असं म्हणून तो पुढे काय म्हणतो? मग खावं, असं. परीक्षा करून घरी जावं, असं तो म्हणत नाही. आपण अर्धं वचन धरून बसलोय.

आता जरा अवघड बोलते. यहूदालाही पस्तावा झाला होता गं. मत्तयानं तसं लिहून ठेवलंय. त्यानं चांदीची 30 नाणी परत नेली, निर्दोष माणसाला धरून दिलं अशी कबुलीही दिली. पण ती दिली कुणाला? ज्यांनी त्याच्याकडून ते काम करवून घेतलं त्यांनाच. त्यांनी हात झटकले, आमचं काय त्यात, तुझं तू बघ. त्या पैशातून मग परक्यांना पुरायला कुंभाराचं शेत घेतलं. पैशाची विल्हेवाट नीट लागली, माणसाकडे कुणी बघितलं नाही. पेत्रही त्याच रात्री ढसाढसा रडला होता. पण तो बाकीच्यांत जाऊन राहिला. मासे धरायला गेला तेव्हाही बरोबर सहाजण होते. मला विचारशील तर दोघांच्या पापात फार अंतर नव्हतं. एक माणसांत राहिला आणि एक एकटा पडला.

म्हणून तुला निक्षून सांगते, एकटी राहू नकोस. आणि जिवाचं काही बरंवाईट करून घ्यावं असं एखाद्या रात्री डोक्यात आलंच, तर ती रात्र वचनं शोधत घालवू नकोस. मला उठव. मी फोन नाही उचलला तर टेलि-मानस हेल्पलाइनचा 14416 लाव. सरकारी आहे, पैसे पडत नाहीत, मराठीत बोलतात. मदत मागणं हा विश्वासाचा कमकुवतपणा आहे असं कुणी म्हणालं, तर ते त्यांच्यापाशी राहू दे.

दुसरं असं, की जे तुझ्या वाट्याचंच नाही त्याचा पश्चात्ताप करत बसू नकोस. तुझ्यावर कुणी जबरदस्ती केली, लहानपणी नात्यातल्या कुणी हात टाकला, लग्नाचं वचन देऊन फसवलं, तर ते पाप त्याचं. कितीजणी दुसऱ्याचं पाप आपल्या पदरात बांधून देवापुढे रडतात! क्षमा कर म्हणजे त्याच्याकडे परत जा, असाही अर्थ कुणी लावून देईल. तो ऐकू नकोस. पोलिसांत जायचं असेल तर मी बरोबर येईन.

पंडिता रमाबाईंचं एक सांगते. इंग्लंडमध्ये वाँटेजच्या सिस्टरांकडे त्या राहत होत्या. 1883 साली त्यांचा बाप्तिस्माही तिथलाच. त्या सिस्टरांनी रमाबाईंना लंडनमधल्या फुलहॅमला नेलं. समाजानं ‘पतित’ म्हणून टाकलेल्या बायकांसाठी तिथे घर चालवलेलं होतं. त्या बायकांशी कुणी इतक्या मायेनं वागताना रमाबाईंनी पाहिलं नव्हतं. हे तुम्ही का करता, असं त्यांनी विचारलं. उत्तर म्हणून एका सिस्टरनं त्यांना योहानाचा 4था अध्याय वाचून दाखवला, शोमरोनी बाईची गोष्ट. रमाबाईंनी ही आठवण पुढे आपल्या साक्षीत लिहून ठेवलीय.

त्या गोष्टीत काय आहे बघ. सूखार गावची विहीर, भर दुपार. एरवी बाया पाण्याला येत नाहीत अशा वेळी ही एकटी आलेली. पाच नवरे झालेले, आताचा नवरा नाही. गाव काय बोलत असेल! आणि येशू सुरुवात कशानं करतो? मला प्यायला पाणी दे. यहुदी पुरुष, शोमरोनी बाईच्या हातचं पाणी मागतोय. कुणाच्या हातचं पाणी चालतं आणि कुणाच्या हातचं चालत नाही, यावर ज्या महाराष्ट्रात पिढ्यान् पिढ्या माणसं तोलली गेली, तिथल्या मुलीला हे फोड करून सांगायला नको. नवऱ्यांचा विषय निघतो, त्यानं तो टाळलेला नाही. पण पाण्याचं बोलणं झाल्यावर. आणि बाई घागर तिथेच टाकून गावात पळते. ज्या गावाला तोंड चुकवत होती त्याच गावाला हाका मारून सांगते, चला, बघा कोण भेटलाय. रमाबाई तिथेच थांबल्या नाहीत. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये त्यांनी अशा बायकांसाठी कृपासदन उभं केलं, आणि ते चालवण्याइतकी धमकही त्यांच्यात होती. देवाची दया तोंडानं गाणारे पुष्कळ असतात, तिला छप्पर बांधून देणारे थोडे.

बरं, आता कामाचं. आलीस की पुढे काय?

जे परत देता येतं ते दे. पैसे घेतले असतील तर हप्त्यानं का होईना, फेड. कुणाची बदनामी केली असशील तर जिथे बोललीस तिथेच जाऊन शब्द मागे घे. लग्न झालेल्या माणसाचं प्रकरण असेल तर ते आधी थांबव, नंबर काढून टाक. पण त्याच्या बायकोपुढे जाऊन आपलं मन हलकं करायची घाई करू नकोस. तुझं ओझं उतरवायला तिच्या डोक्यावर द्यायचं नाही. आणि एका रात्रीत सगळं स्वच्छ होईल अशी आशा धरू नकोस. जॉन न्यूटनचं ‘अमेझिंग ग्रेस’ तू गिटारवर वाजवतेस. हा माणूस 1748 च्या वादळात बुडता बुडता वाचला आणि देवाकडे वळला, हे सगळे सांगतात. त्यानंतरही काही वर्षं तो गुलामांच्या जहाजांचा कप्तान होता, हे कमी लोक सांगतात. समुद्र सोडला 1754 मध्ये. गुलामांच्या व्यापाराविरुद्ध पुस्तिका लिहून आपला त्यातला हात जगापुढे कबूल केला 1788 मध्ये. चौतीस वर्षं लागली! देवानं तोवर त्याला सोडलं नव्हतं, पण ज्यांना साखळ्या घालून नेलं त्यांना ती चौतीस वर्षं कुणी परत दिली नाहीत. म्हणून म्हणते, घाबरू नकोस आणि रेंगाळूही नकोस.

सांगायचं कुणाला, हे मात्र नीट ठरव. तुझ्या वसईच्या कॅथलिक मैत्रिणींना पापनिवेदनाची सोय आहे. तिथे ऐकलेलं फादरांनी कुठेही काढायचं नाही, असा त्यांच्या चर्चचा कडक नियमच आहे. आपल्याकडे तशी खिडकी नाही. आपल्याकडे आहे बुधवारची प्रार्थना सभा, आणि तिथला तो लाडका प्रकार: “प्रार्थनेसाठी म्हणून सांगते हं, बाहेर नको…” प्रार्थनेचा विषय म्हणून सांगितलेली गोष्ट चहाच्या आत तीन घरं फिरून येते. पाळकसाहेब तोंडाचे घट्ट असतील तर त्यांना सांग. नसतील तर पाळकीणबाईंना, किंवा जिच्या तोंडून तू कधी दुसऱ्याची कुलंगडी ऐकली नाहीस अशा एखाद्या आजीला. एकीला सांगितलंस तरी पुरे. साऱ्या मंडळीपुढे उभं राहून साक्ष द्यायची सक्ती कुणी केली तर स्वच्छ नाही म्हण. बापानं पोराला गावजेवण घातलं, गावापुढे भाषण करायला लावलं नाही.

आणि त्या गोष्टीतला तो थोरला. मी तुमच्यातली थोरली, म्हणून त्याच्यावर माझा जरा जास्तच डोळा असतो. शेतातून आला, वाजंत्री ऐकली, आत जाऊन बघायचं सोडून गड्याला विचारलं काय चाललंय. मग रुसून बाहेरच बसला. बापानं समजूत काढायला यावं लागलं. त्या दिवशी बाप दोन पोरांसाठी दोनदा घराबाहेर पडलाय. थोरला त्याला ‘माझा भाऊ’ म्हणत नाही, ‘हा तुमचा मुलगा’ म्हणतो. आणि त्यानं वेश्यांपायी तुमची इस्टेट बुडवली, असं सांगतो. मागे जाऊन बघ, येशूनं धाकट्याची उधळपट्टी सांगताना वेश्यांचं नावही काढलेलं नाही. ते पहिल्यांदा येतं ते थोरल्याच्या तोंडून. भाऊ कित्येक दिवस डोळ्यांना दिसलेला नाही, पण माहिती सगळी आहे! थोरला शेवटी आत गेला की नाही, ते येशू सांगतच नाही. ऐकणाऱ्यांत पापी लोकांबरोबर जेवतो म्हणून कुरकुरणारे परूशी बसले होते. गोष्ट त्यांच्यावर सोडून दिलीय.

तेव्हा चर्चमध्ये एखादी थोरली तुझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघेल, हे धरून चाल. “अगो बाई, आज इकडे कुठे?” असं कुणीतरी म्हणेलच. त्यासाठी घरून उत्तर तयार करून आणू नकोस. माझ्या शेजारी येऊन बस.

पहिल्या रविवारी प्रभुभोजन आहे, सकाळी नऊला. उपासना सुटली की जेवायला घरीच यायचंय. बोलायचं असलं तर जेवल्यावर, आणि नसलं तर नको. आणि ज्या थोरल्या बाया हे वाचतायत त्यांना हात जोडून सांगते, ती आलेली दिसली की ‘इतके दिवस कुठे होतीस’ असं विचारू नका. बाकावर जरा सरकून जागा करा.